पलंगापासून ममादपर्यंत



२०२५ च्या जून महिन्यातले ते बारा दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. इराणची क्षेपणास्त्रे येत होती आणि बेरशेवातल्या आमच्या जुन्या शिकूनमधले आम्ही सगळे म्हातारे-कोतारे रात्रीतून दोन-दोन, तीन-तीन वेळा खालच्या मिक्लातमध्ये उतरत होतो. इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, घरात ममाद नाही. अशाच एका रात्री माझ्या समोरच्या दारातल्या काकू जिन्यात पडल्या.

काकूंचे वय ८१. त्यांचे नाव इथे देत नाही, पण हे लिहायला परवानगी त्यांचीच आहे. "लिही गं पोरी, म्हणजे दुसरी कोणी तरी सावध होईल," असे त्याच म्हणाल्या. (मी सत्तरीची आहे, पण काकूंना मी पोरच.)

त्या दिवसांत सायरनच्या काही मिनिटे आधी फोनवर सूचना यायची. काकूंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, त्यामुळे त्यांना जाग आली ती थेट सायरननेच. त्या तशाच अंधारात उठल्या. चष्मा हाताला लागला नाही. पायात न्हाणीघरातल्या रबरी सपाता अडकवल्या आणि दार उघडून जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सपात सरकली. डोके कठड्यावर आपटले आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले.

मागेन दावीद अदोमची गाडी लवकर आली. त्यातल्या तरुण मुलाने मला विचारले, "काय औषधे घेतात? रक्त पातळ करणारी गोळी आहे का?" मी म्हणाले, साखरेची आणि रक्तदाबाची गोळी आहे, रक्त पातळ करणारी नाही. हे मी अगदी ठामपणे म्हणाले. तीस वर्षे कुपत होलीमच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम केले, काकूंचे सगळे आजार मला तोंडपाठ आहेत असा माझा समज होता. प्रत्यक्षात दोन महिन्यांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना एलिक्विस सुरू केली होती. गोळ्यांचे खोके बिस्किटांच्या डब्यात होते. रुग्णालयात संगणकावर नोंद दिसली म्हणून निभावले. त्या गोळीमुळे डोक्याचा स्कॅन तातडीने करावा लागला, आणि गोळीचा असर उतरेपर्यंत खुब्याची शस्त्रक्रिया थांबवावी लागली.

त्या रात्री घरी येऊन मी माझ्या स्वतःच्या औषधांचा कागद शोधला. तो तीन वर्षांपूर्वीचा होता. त्यातल्या दोन गोळ्या केव्हाच बंद झालेल्या.

क्षेपणास्त्र त्या रात्री कुठे तरी दूर पडले. आमच्या इमारतीची काचसुद्धा तडकली नाही. काकूंना जे झाले ते अंधारामुळे, सपातांमुळे आणि घाईमुळे झाले. ही गोष्ट नवीन नाही. १९९१ च्या आखाती युद्धात आपण खोल्यांच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडावर मास्क चढवून बसलो होतो आणि रेडिओवर "नाहाश त्सेफा" ऐकू आले की काळजाचे पाणी व्हायचे, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या युद्धात स्कड क्षेपणास्त्रांनी थेट मेलेली माणसे अगदी थोडी. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे भीतीने हृदय बंद पडून आणि मास्क नीट न लावल्यामुळे गुदमरून गेली. आजही प्रत्येक वेळी मिक्लातकडे धावताना पडून जखमी झालेल्यांच्या बातम्या येतात, आणि त्यांत वयस्कर माणसे असतातच.

म्हणून या वेळी मला सायरनच्या आधीच्या गोष्टींवर लिहायचे आहे. त्या रोजच्याच आहेत आणि त्यांना पैसेही फारसे लागत नाहीत.

आधी पाय

आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा, दिवसाउजेडी, घड्याळ लावून बघावे: पलंगावर आडवे असताना सुरुवात केली तर ममादमध्ये किंवा मिक्लातमध्ये जाऊन दार लावेपर्यंत किती सेकंद लागतात? नातवाला फोनवर वेळ मोजायला सांगा, त्यालाही मजा वाटेल. गाझाकडून येणाऱ्या रॉकेटसाठी अश्कलोनला ३० सेकंद मिळतात, अश्दोदला ४५, आम्हां बेरशेवावाल्यांना १ मिनिट, लोद-रामलाला दीड मिनिट. तुम्हांला लागणारा वेळ यापेक्षा जास्त आला, तर त्याचा अर्थ धावायला शिका असा नाही. सत्तरीनंतर जिन्यात धावणे हा आजार ओढवून घेण्याचा प्रकार आहे. त्याचा अर्थ झोपण्याची जागा बदला असा आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

पण पायांत ताकद मात्र आणता येते, आणि ती कोणत्याही वयात येते. दवाखान्यात आम्ही एक सोपी परीक्षा घ्यायचो. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसायचे, दोन्ही हात छातीवर घ्यायचे, आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठायचे-बसायचे. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांचे स्नायू कमजोर झाले आहेत आणि पडण्याचा धोका आहे असे समजतात. अजिबात उठता आले नाही तर घाबरू नका, हातांचा आधार घेऊन सुरुवात करा.

हाच व्यायामही आहे. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. सवय झाली की दहा. दुसरा व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्यापाशी: चहाचे पाणी उकळेपर्यंत ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, खाली टेकायच्या. मग ओटा धरूनच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहायचे, मग दुसऱ्या. चहा दोन कप असेल तर पाणी उकळायला वेळ लागतो, तेवढा व्यायाम जास्त होतो. आणि चालणे. बाहेर ऊन असेल तर घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत, दहा मिनिटे दोनदा. छातीत दुखते, चक्कर येते, गुडघा सुजतो अशा माणसांनी आधी डॉक्टरांना विचारून सुरू करावे.

काकूंचे म्हणणे असे की अलिबागला लहानपणी विहिरीवरून दोन-दोन हंडे आणत होतो, आम्हांला व्यायाम कसला शिकवता? खरे आहे. पण ते पाय सत्तर वर्षांपूर्वीचे होते. इथे येऊन पेन्शन लागल्यावर आपण टीव्हीसमोर जे बसलो ते बसलोच.

उठण्याची रीत

वयस्कर माणूस आडवा असताना एकदम उभा राहिला तर रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्या काही गोळ्या यांनी हे जास्त होते. म्हणून एरवी रोज उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडून बसायचे, पावले दहा-बारा वेळा वर-खाली हलवायची, मगच उभे राहायचे. ही सवय इतकी अंगात मुरायला हवी की सायरन झाला तरी शरीराने आपोआप तेच करावे. त्यात दहा-पंधरा सेकंद जातात. जाऊ द्या. पडल्यावर जातात ते महिने असतात.

पलंगाजवळ, हात पुरेल तिथे, पाच वस्तू रोज रात्री ठेवायच्या: मागून बंद असलेले, घट्ट बसणारे बूट किंवा चपला, टॉर्च, चष्मा, फोन, आणि कानाचे मशीन असेल तर ते. सपाता फेकून द्या असे मी सांगत नाही, पण त्या न्हाणीघरातच राहू द्या. पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेवर गालिचा, वायर, स्टूल, नातवाची खेळणी काही नको. वाटेत एक छोटा रात्रीचा दिवा चालू ठेवावा, विजेचे बिल त्याने काही वाढत नाही.

कानाचे मशीन काढून झोपणाऱ्यांना सायरन ऐकूच येत नाही, ही मोठी अडचण आहे. पिकुद हाओरेफचे अॅप फोनवर घालून घ्या, आवाज मोठा आणि कंप सुरू ठेवा, आणि फोन उशीजवळ. त्याशिवाय शेजाऱ्याशी बोलून ठेवा की सायरन झाला तर जाता जाता आमच्या दारावर जोरात थाप मारा. यात कमीपणा काही नाही.

झोपेच्या गोळीबद्दल एक शब्द. लढाईच्या दिवसांत झोप लागत नाही म्हणून पुष्कळ जण कुणाकडून तरी मागून गोळी घेतात, किंवा अर्धीची एक करतात. ती गोळी घेतलेला माणूस अर्धवट झोपेत उठतो आणि पडतो, किंवा उठतच नाही. डॉक्टरांनी दिली असेल तेवढीच घ्या, दुसऱ्याची कधीही घेऊ नका. आणि ताणाच्या दिवसांत ती घ्यावी की नाही हेही त्यांनाच विचारा.

ममाद की माळा?

ज्यांच्या घरी ममाद आहे त्यांच्याकडे मी जाते तेव्हा बहुतेक वेळा आत काय दिसते? तांदळाची पोती, पेसहची वेगळी भांडी, मुंबईहून आणलेल्या आणि कधी न उघडलेल्या बॅगा. आपल्या घरांत पूर्वी माळा असायचा, त्याची जागा ममादने घेतली आहे. किमान एक पलंग आणि एक मजबूत, हात असलेली खुर्ची मावेल एवढी जागा मोकळी करा. ममादच्या लोखंडी दाराचा दांडा आणि खिडकीची लोखंडी झडप तुमच्या हातांनी फिरते का, हे आत्ताच करून बघा. ती जड असते, आणि संधिवाताच्या बोटांनी फिरत नाही. ताणाचे दिवस असतील तेव्हा खिडकीची झडप संध्याकाळीच मुलाकडून किंवा शेजाऱ्याकडून बंद करून घ्यावी.

ज्यांना वेळेत पोहोचता येत नाही त्यांनी अशा काळात सरळ ममादमध्येच झोपावे. "नातवाची खोली आहे, त्याला कशाला त्रास" असे म्हणणारे फार आहेत. नातू हॉलमध्ये झोपेल आणि उडी मारून आत येईल, तो वीस वर्षांचा आहे.

ज्यांच्याकडे ममाद नाही आणि मिक्लात लांब आहे त्यांच्यासाठी इमारतीच्या आतला जिना. वर किमान दोन मजले असतील अशा पातळीवर थांबायचे. तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावर. समोर खिडकी किंवा मुख्य दार नको. लिफ्टमध्ये शिरायचे नाही. आणि ज्यांना जिन्यापर्यंतही जाता येत नाही त्यांनी घरातली सर्वांत आतली, बाहेरची भिंत आणि खिडकी कमीत कमी असलेली जागा ठरवून तिथे खुर्ची ठेवावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नको, तिथल्या फरशा आणि काचा उडतात. आपल्या इमारतीत नेमके कुठे थांबायचे याची शंका असेल तर पिकुद हाओरेफला १०४ वर फोन करून आत्ताच विचारा.

मिक्लातमध्ये किंवा ममादमध्ये ठेवायच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत, म्हणून मी त्यांवर वेळ घालवत नाही: माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, बॅटरीचा रेडिओ, टॉर्च, पांघरूण, सुका खाऊ. खाऊच्या बाबतीत आपण बेने इस्राएल मुळातच तयार आहोत. पोहे चूल न पेटवता नुसते भिजवून खाता येतात. चणे, कुरमुरे, शेंगदाणे, खजूर घरात असतातच. फक्त साखर असणाऱ्यांनी खजूर मोजून खावेत. भीतीने बसल्या बसल्या आठ-दहा खजूर कधी संपतात ते कळत नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते: झाकणाची एक बादली ठेवा. आपल्या वयात लघवी थांबत नाही, आणि त्यासाठी सायरन चालू असताना बाहेर जाणारे मी पाहिले आहेत.

यावरूनच पाण्याचा मुद्दा. लढाईच्या दिवसांत बायका मुद्दाम पाणी कमी पितात, "न्हाणीघरात असताना सायरन झाला तर?" म्हणून. उन्हाळ्यात शाराव सुटला असताना हे फार धोक्याचे आहे. वयानुसार तहान कमी लागते, म्हणजे तहान नाही याचा अर्थ शरीराला पाणी नको असा होत नाही. पाणी कमी पडले की रक्तदाब घसरतो, चक्कर येते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि म्हातारपणी कधीकधी माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे समजतात विसराळूपणा वाढला. दिवसभर थोडे थोडे पीत राहा, संध्याकाळनंतर कमी करा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे. हृदयाची कमजोरी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र किती प्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

औषधांचा कागद

आता ज्यासाठी मला मान खाली घालावी लागली ते. एका कागदावर, हिब्रूत, मोठ्या अक्षरांत लिहा: नाव, तेओदत झेहूतचा नंबर, कुपत होलीम कोणती, आजार कोणते, औषधे कोणती आणि किती, कोणत्या औषधाची अलर्जी, आणि दोन नातेवाइकांचे फोन. एक नव्हे, दोन. काकूंच्या मुलाने त्या रात्री फोन उचलला नाही, कारण तोही त्याच्या मिक्लातमध्ये होता आणि तिथे फोन लागत नव्हता.

कागद मराठीत लिहून उपयोग नाही, गाडीवरच्या मुलाला तो वाचता येणार नाही. आपल्याला हिब्रू लिहिता येत नसेल तर कुपत होलीमच्या फार्मसीत किंवा नर्सकडे "रेशिमात त्रुफोत" मागा, त्या छापून देतात. एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक पाकिटात, एक शेजाऱ्याकडे. औषध बदलले की त्याच दिवशी कागद बदला. खाली तारीख घाला, नाही तर माझ्यासारखे होईल.

कुमादिन, एलिक्विस, क्सारेल्टो यांपैकी काही घेत असाल तर ते कागदाच्या अगदी वर, लाल शाईने लिहा. हिब्रूत त्यांना "मदलेलेई दाम" म्हणतात, हे दोन शब्द घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. आणि अशी गोळी घेणारा माणूस पडून डोक्याला मार लागला, तर रक्त आले नाही, टेंगूळ आले नाही, "मला काही झाले नाही" असे तो म्हणाला, तरीही रुग्णालयात गेलेच पाहिजे. डोक्याच्या आतला रक्तस्राव कधीकधी काही तासांनी कळतो.

गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत संपू देऊ नका. किमान एक आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत, नावे असलेल्या मूळ खोक्यांतच ठेवा, आणि दर महिन्याला नवीन आणल्यावर आधी त्या वापरून नव्या पिशवीत घाला, म्हणजे मुदत संपणार नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवू नका, निदान डब्यावर लिहा तरी. इन्सुलिनची वापरात असलेली पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकते, पण प्रत्येक प्रकाराचे थोडे वेगळे असते, ते फार्मसीत विचारून पेनवर उघडल्याची तारीख लिहा. उन्हात, गाडीत ठेवायची नाही.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवायला बसला आणि सायरन झाला, जेवण तसेच राहिले, असे होते. अर्ध्या-पाऊण तासाने हात थरथरतात, घाम फुटतो, डोके भणभणते. माणूस समजतो भीती वाटते आहे. ती साखर उतरलेली असू शकते. मशीन असेल तर बघा, नसेल तर वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा अर्धा ग्लास फळांचा रस घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरे नसेल तर पुन्हा तेवढेच. बरे वाटले की काही तरी खा. झीरो लिहिलेल्या बाटलीने काही होत नाही, त्यात साखर नसते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०१ फिरवा.

रक्तदाबाच्या मशीनवाल्यांना एक विनंती. सायरन संपल्या संपल्या रक्तदाब मोजू नका. तो वाढलेलाच येणार, तरुणाचाही येईल. मग घाबरून जास्तीची गोळी घेतली जाते आणि तासाभराने माणूस चक्कर येऊन पडतो. अर्धा तास शांत बसा, मग मोजा. जास्तीची गोळी स्वतःच्या मनाने नकोच. पण छातीत दाब, दम, थंड घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असे काही असेल तर मोजत बसू नका, थेट १०१. साखर असलेल्यांना आणि बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा मळमळते. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा खात बसलेली माणसे मी दवाखान्यात उशिरा आलेली पाहिली आहेत.

अर्धांगाच्या झटक्याची खूण: हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडे होते का बघा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का बघा, एक वाक्य बोलायला सांगा. इथे आपल्याकडे एक गंमतीची पण गंभीर अडचण आहे. नातवंडांना मराठी येत नाही. सावता काही तरी अडखळत बोलते आहे ते झटक्यामुळे की नुसते मराठीत बोलते आहे म्हणून, हे त्यांना कळत नाही. म्हणून एक हिब्रू वाक्य आधीच ठरवून ठेवा, रोजच्या बोलण्यातले, आणि तेच म्हणायला लावायचे. झटका किती वाजता सुरू झाला, किंवा माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहा. गाठ विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येते, नंतर सहसा नाही.

तुम्ही एकटे असताना फोन करायची वेळ आली तर घाबरल्यावर हिब्रू विसरते. चाळीस वर्षे इथे राहिलेल्यांचेही विसरते. हे शब्द फोनजवळ चिकटवा. "केएव बाहाझे" म्हणजे छातीत दुखते आहे. "काशे ली लिनशोम" म्हणजे श्वास घ्यायला त्रास होतो. "नाफाल्ती" म्हणजे मी पडलो किंवा पडले. "येश ली सुकेरेत" म्हणजे मला साखर आहे. पण सगळ्यांत आधी पत्ता सांगायचा: गाव, रस्ता, इमारतीचा नंबर, मजला. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते. ज्यांच्याकडे केरळची किंवा फिलिपिन्सची मेटापेलेत राहते त्यांनी हाच कागद तिलाही द्यावा, इंग्रजी अक्षरांत. घराचा पत्ता नीट सांगता न येणाऱ्या मेटापेलेत मला भेटल्या आहेत, कारण तो त्यांना कोणी शिकवलेलाच नव्हता.

एकटे राहणाऱ्यांनी घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि आतून किल्ली कुलपात ठेवून झोपू नये, नाही तर बाहेरची किल्ली चालत नाही. बितुआह लेउमीची गिमलात सिऊद मिळत असेल तर त्यातून गळ्यात घालायचे संकटाचे बटण, लहत्सान मेत्सुका, घेता येते; विचारा. आणि मिळाल्यावर ते गळ्यात घाला. खुंटीला टांगलेले बटण मी तीन घरांत पाहिले.

शब्बाथबद्दल पुष्कळ जण विचारतात. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो, पिकुआह नेफेश, हे आपल्या हझ्झानांनी आपल्याला लहानपणापासून सांगितले आहे. फोन उचला, गाडी बोलवा, गाडीत बसा. रेडिओसाठी अशा काळात शब्बाथला गल शाकेत असते. ती लहर शुक्रवारी संध्याकाळी लावून ठेवायची, ती गप्प राहते आणि फक्त इशाऱ्याच्या वेळी बोलते.

काकू तीन महिन्यांनी घरी आल्या. आता मुलाने त्यांना तळमजल्यावर घर बघून दिले आहे, ममाद असलेले. पलंग ममादमध्येच आहे. मी परवा गेले तेव्हा वॉकर धरून त्यांनी मला स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत चालून दाखवले आणि म्हणाल्या, "बावीस पावलं. मोजलीत मी." फ्रिजवर हिब्रू कागद होता, वर लाल शाईने दोन शब्द. बिस्किटांचा डबा टेबलावर होता. उघडून बघितला, तर आत बिस्किटे होती.

पुढच्या अंकात दारफाळणीच्या सणाचा उपवास आणि साखरेच्या गोळ्या यांबद्दल लिहीन. ज्यांना याबद्दल काही विचारायचे असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर लवकर पाठवावे.